लुगड्याचा काठ

वसमतच्या रेल्वे स्टेशनावर उभे राहा आणि समोरच्या रुळांकडे बघा. दोन रुळांत आज 1,676 मिलिमीटरचं अंतर आहे. ते आपण कमी करू. रूळ एकमेकांकडे सरकू द्या, अजून थोडे, आता बरोबर एक मीटरवर थांबवा. वरच्या विजेच्या तारा गुंडाळून ठेवा. मोबाइल बाकावर राहू द्या, जिथं चाललोय तिथं त्याचा उपयोग नाही. पूर्णेकडून शिट्टी ऐकू येते का? आली? कोळशाचा कण डोळ्यात गेला? चोळू नका, पाण्यानं धुवा. पोचलात तुम्ही.

बहात्तरचा दुष्काळ सरून चार-पाच वर्षं झाली आहेत. हिंगोली जिल्हा अजून व्हायचा आहे, तो 1999 साली होईल. तोवर हा सगळा मुलूख परभणीचा. फाल्गुन लागलाय आणि सकाळी नवालाच ऊन पाठीवर थापी मारतंय. तुमचा शर्ट गेला, अंगात बंडी आली. तळहाताला घट्टे आहेत. बोटं पिवळी आहेत, पार नखांच्या मुळापर्यंत. ती हळद आहे, साबणानं जायची नाही. तुम्ही शेतकरी आहात, बाप आहात, आणि तीन रात्री झोपलेले नाही आहात.

गाव कोसभर आहे, चालत जायचं. वाटेत पळस फुललाय. मळा यायच्या आधीच वास येतो: ओल्या मातीचा, कापरासारखा, घशात तिखट बसणारा. हळद शिजतेय. चार माणसांनी उचलावी अशी लोखंडी कढई, तिच्यात ओली हळद, वर हळदीचाच पाला, त्यावर भिजवलेलं गोणपाट. खाली पऱ्हाट्या आणि तुराट्या कडकड जळतायत. वाफेचा लोट अंगावर आला की क्षणभर काही दिसत नाही. शिजली की नाही ते काडी टोचून बघतात. काडी लोण्यात शिरावी तशी शिरली की कढई उतरवायची. घाई केली तर हळकुंड आतून कच्चं राहतं, उशीर झाला तर रंग उतरतो आणि बाजारात भाव पडतो.

ही वेळ तुमच्या थोरल्याला अचूक कळायची. त्याला काडी लागायची नाही. नुसत्या वासावर तो सांगायचा, ''दादा, झाली.''

तो आता बांधावर बसलाय. एकोणीस वर्षांचा, मॅट्रिक झालेला. डोक्याच्या जटा झाल्यात, आंघोळीला हात लावू देत नाही. ओठ हलतायत. मध्येच हसतो, मग एकदम गप्प होऊन विहिरीकडे कान देतो. विहिरीतून त्याचं नाव घेतात, असं तो सांगतो. रेडिओवर बातम्या लागल्या की उठून जातो, कारण बातम्या देणारा माणूस त्याच्याबद्दलच बोलत असतो. कामावरची बाई कढईपाशी हळूच म्हणते, ''एकटंच बोलायलंय लेकरू, सकाळपासनं.'' तुम्ही जाळ सारखा करता. उत्तर काय देणार?

दुपारी त्याची माय भाकरी घेऊन येते. तो ताटाकडे बघत नाही. भाकरीत काहीतरी कालवलंय, त्याला मारायला. मग ती त्याच्यासमोर फतकल मारून बसते, त्याच भाकरीचा तुकडा मोडते, त्याच पिठल्यात बुडवते आणि स्वतः खाते. चावते, गिळते, तोंड उघडून दाखवते. तेव्हा कुठं तो एक घास घेतो. पुढच्या घासाला पुन्हा तेच. सहा महिने झाले, प्रत्येक जेवण असं चाललंय. या बाईला सहा महिन्यांत एकदाही स्वतःच्या भुकेनं जेवायला मिळालेलं नाही.

रात्र व्हायच्या आत तुम्ही विळे, कुऱ्हाड आणि खुरपी मोजून कणगीमागं सरकवता. विहिरीच्या तोंडाशी बाभळीच्या फांद्या ओढता, काटे हातात मोडतात. ओसरीवर पोराची बाज. तिच्याखाली, जमिनीवर, माय. आता कंदिलाच्या उजेडात नीट बघा. तिनं जुन्या लुगड्याचा काठ फाडून घेतलाय. काठ म्हणजे लुगड्याचा सगळ्यात चिवट भाग, कापड विरलं तरी तो टिकतो. एक टोक पोराच्या पायाला, सैल, दोन बोटं जातील इतकं. दुसरं तिच्या मनगटाला, घट्ट. तो उठला की तिला हिसका बसतो. तो दिवसाच्या कुठल्याही प्रहरी हसो, चिडो, तिला ढकलून देवो, रात्री मात्र पाय पुढं करतो. का, ते तुम्हाला आजवर कळलेलं नाही.

गावाचं म्हणणं दोन दिवसांतच ठरलं होतं: ''बाहेरचं हाय.''

हा शब्द थोडा वेळ जिभेवर ठेवा. आज आपण त्याला अंधश्रद्धा म्हणून मोकळे होतो. पण त्या ओसरीवर बसलेल्या बापाला त्यात काय ऐकू येतं? जे काही आहे ते बाहेरून आलंय. म्हणजे आत माझं लेकरू आहे तसंच आहे. आणि बाहेरून आलेलं बाहेर काढता येतं. त्याच सुमाराला अमेरिकेतले शिकलेसवरलेले मनोविकारतज्ज्ञ अशा आजाराचा दोष आईच्या वागण्याला देत होते. आईच मुलाला आजारी करते, असं सांगणारा सिद्धांत तिथं 1948 पासून चालत आला होता आणि पुढं तो खोटा ठरला. तिकडच्या आयांना डॉक्टरांच्या खोलीतून स्वतःवरचा आरोप घेऊन घरी जावं लागलं. वसमतच्या मायला निदान तेवढं वाट्याला आलं नाही. ''बाहेरचं'' या शब्दानं पोराला बरं केलं नाही, पण तिला उभं ठेवलं.

गाव दुसरंही एक सांगतं. सोयरे येतात, चहा पितात, आवाज खाली घेऊन म्हणतात, ''लगीन लावून द्या. बायकू आली की येतंय ताळ्यावर.'' तुमची मान हलायला लागलीय. इथं मी तुमचा हात धरतो. नका. दुसऱ्याची पोर म्हणजे औषध नव्हे. या एका सल्ल्यानं आजाऱ्याचंही भलं होत नाही, आणि ज्या मुलीला काही न सांगता मांडवात उभी करतात तिचा जन्म जातो. पण तुमच्या मनात काय आहे तेही मला दिसतंय. धाकट्या लेकीचं लग्न व्हायचंय. भावाचं कळलं तर तिला कोण करेल? म्हणून तर पाहुणे आले की थोरल्याला गोठ्यात बसवायचं आणि ''मामाकडं गेलाय'' म्हणायचं. गोठ्यातून त्याचा आवाज येतो. तुम्ही मोठ्यानं खाकरता.

बाहेरचं काढायला आधी औंढा. नागनाथाच्या गाभाऱ्यात उतरायची वाट इतकी अरुंद की वाकून, जवळजवळ बसून जावं लागतं. खाली दगडी भुयार, पायाखाली ओल, बेलाचा आणि तेलाचा कोंदट वास, पुढच्याची पाठ तुमच्या नाकाला. अंधारात पोरगं बिथरतं, ओरडतं, माणसं अंग चोरतात. नामदेवांसाठी हे देऊळ फिरलं, अशी कथा तुम्ही लहानपणापासून कीर्तनात ऐकलीय. पिंडीवर डोकं टेकून तुम्ही एवढंच म्हणता: एवढं मोठं देऊळ फिरवलंस, माझ्या लेकराचं डोकं तेवढं जागेवर फिरव.

मग होळीला सैलानीबाबांचा दर्गा.

हिंगोलीहून यष्टी. सेनगाव, रिसोड, मेहकर, चिखली, असं बदलत बदलत. पत्रा तापलाय, डिझेलची मळमळ, खिडकीतून फुफाटा. पोर मध्येच उठून उभं राहतं आणि पुढच्या म्हाताऱ्याला विचारतं, ''माझं नाव कामून घेतलं?'' सगळी बस वळून बघते. तुम्ही हात जोडता. पुढच्या चार तासांत तुम्ही किती वेळा हात जोडता ते मोजू नका.

पिंपळगाव सराईजवळ, बुलढाण्याच्या त्या माळावर, पोचता पोचता संध्याकाळ होते. आधी धूर दिसतो, मग माणसं. लुगडी, चादरी, गोणपाट, जे मिळेल ते ताणून पालं ठोकलीत. लोबान, लिंबं, घाम, बकऱ्याचं मटण, ओला झालेला गुलाल. कुणी घुमतंय, कुणी लोळतंय, एक बाई केस सोडून दर्ग्याकडं तोंड करून कुणाला तरी शिव्या देतेय आणि तिचा म्हातारा बाप शेजारी पाण्याचा तांब्या घेऊन शांतपणे बसलाय, तिचं आटपायची वाट बघत. बाबा मुसलमान, येणारे सगळ्या जातीधर्मांचे. इथं कुणी कुणाला ते विचारत नाही.

होळी पेटते ती नारळांची. आजाऱ्यावरून नारळ उतरवायचा आणि जाळात फेकायचा, अंगावरचे कपडेही. नारळ फुटल्याचे आवाज बंदुकीच्या बारासारखे येतात. खोबरेल जळाल्याचा वास केसांत, कपड्यांत, तोंडात. जाळ इतका की वीस पावलांवरून चेहरा भाजतो. त्याची माय पोराचा सदरा काढते. मॅट्रिकच्या निकालाला शिवलेला, निळ्या रेघांचा. ती तो एकदा नाकाला लावते आणि फेकते.

आणि आता एक गोष्ट होते, जिच्यासाठी मी तुम्हाला इतक्या लांब आणलं. तुमच्या पालाशेजारी जालन्याकडचं एक कुटुंब उतरलंय. त्यांचाही मुलगा. त्याची माय तुमच्या थोरल्याकडं बघते, त्याचे हलणारे ओठ बघते, आणि मान फिरवत नाही. सहज विचारते, ''झोपतो का रातचा?'' बस. सहा महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी नेमका प्रश्न विचारला. दोघी बायका चुलीपाशी बसतात आणि बोलत सुटतात. पहिला घास कोण खातं. आंघोळ कशी घालायची. अंगावर धावून आला तर कुठं उभं राहायचं. तुम्ही दोघं बाप बिडी ओढत ऐकता. बाबानं पोराला बरं केलं की नाही, ते बाजूला ठेवा. या माळानं त्या रात्री दोन आयांना एकमेकींशी बोलायला जागा दिली. तशी जागा तेव्हा दुसरी कुठंच नव्हती.

व्हिएदा स्कल्टन्स या इंग्लंडमधल्या अभ्यासक महाराष्ट्रातल्या एका महानुभाव मंदिरात अशाच कुटुंबांमध्ये राहून गेल्या. 1987 साली त्यांचा लेख आला. आजारी माणसाला घेऊन आलेल्या बायकांच्याच अंगात येताना त्यांनी पाहिलं. घरावरचं दुखणं आपल्या अंगावर यावं आणि घरच्यांची सुटका व्हावी, म्हणून त्या ते ओढवून घेत होत्या. डॉक्टरांच्या भाषेत याला काय म्हणतात ते सोडा. मायला विचारलं असतं तर तिनं एका शब्दात सांगितलं असतं.

जालन्याच्या त्या पोराच्या पायात साखळी आहे. सकाळी त्याचा बाप तुमच्याकडं एक साखळी सरकवतो. ''आमच्यापाशी दुसरी हाय. घ्या. रातचं डोळा लागतो तरी.'' तो वाईट माणूस नाही. त्याचे डोळे तुमच्यासारखेच तारवटलेले आहेत. साखळी उन्हात तापलीय, हाताला चटका बसतो. तुम्ही ती तोलून बघता, आणि खोटं कशाला बोला, तुम्हाला मोह होतो. एक रात्र. एकच पुरी रात्र झोप.

मी पुढच्या काळातून आलोय, म्हणून मला ठाऊक आहे. 2001 च्या ऑगस्टमध्ये तमिळनाडूत एर्वाडीच्या दर्ग्याजवळ एका झोपडीवजा आश्रमाला पहाटे आग लागेल. साखळ्यांनी बांधलेली माणसं जागची उठू शकणार नाहीत, 28 जण जातील. पण हे तुम्हाला सांगायची गरजच पडत नाही. त्याची माय तुमच्या हातातून साखळी घेते, त्या माणसाला परत देते आणि म्हणते, ''माझा हात हाय की, दादा.'' मनगटावर काठाचा काळपट वळ उठलाय.

त्याच माळावर वाशीमकडचे एक गुरुजी भेटतात, धाकट्या भावाला घेऊन आलेले. भाऊ जरा सुस्त, पण स्वतःच्या हातानं जेवतोय, वाढणाऱ्याला ''बास'' म्हणतोय. तुम्ही त्याच्याकडं बघतच राहता. गुरुजी म्हणतात, ''दुवा बी घ्यावी, दवा बी घ्यावी. नागपूरला न्या.'' महाराष्ट्रात सरकारी मनोरुग्णालयं चार: ठाणे, पुणे, नागपूर, रत्नागिरी. मराठवाड्यात एकही नाही. तुम्हाला नागपूर सोयीचं, अकोल्याला गाडी बदलली की झालं.

हळद विकून आलेल्या पैशातले काही कनवटीला बांधून तुम्ही तिघं निघता. हिंगोली, वाशीम, अकोला. अकोल्याला मीटरचे रूळ सोडून रुंद रुळांच्या गाडीत बसायचं, त्याआधी रात्र फलाटावर, पायाला काठ बांधून. नागपूरच्या स्टेशनाबाहेर ऊन भट्टीसारखं. सायकल रिक्षावाल्याला तुम्ही मनोरुग्णालय म्हणता, त्याला कळत नाही. तो शेजारच्याला विचारतो आणि मोठ्यानं म्हणतो, ''अच्छा, पागलखाना!'' त्याची माय पदर नाकापर्यंत ओढते. पोर मात्र उसाच्या रसाच्या गाड्याकडं बघत असतं.

1864 पासूनची जागा. फिनेलचा वास, उंच भिंत, कडुनिंबाची सावली, बाकावर तुमच्यासारखेच शंभरेक जण. डॉक्टर तरुण आहे. पोराशी आधी बोलतो, मग तुमच्याशी. झोप कधीपासून गेली, कानात आवाज येतात का, घरात आणखी कुणाला होतं का. मग लिहिता लिहिता सांगतो, ''हा आजार आहे. जसा क्षय, जसा मधुमेह. बाई, तुमच्या हातून काही चुकलेलं नाही.'' सहा महिन्यांत रडली नव्हती ती बाई. आता तोंडात पदराचा बोळा कोंबून रडते, कारण बाकावरच्या लोकांना ऐकू जाईल.

औषधाचं नाव क्लोरप्रोमाझिन. फ्रान्समध्ये 1952 साली ते पहिल्यांदा अशा रुग्णांना दिलं गेलं आणि त्यांच्या कानातले आवाज मंदावले. डॉक्टर बजावतो: गोळ्या रोज द्यायच्या, बरं वाटलं तरी बंद करायच्या नाहीत, आणि याला उन्हात पाठवू नका, कातडी भाजते. तुम्ही त्याच्याकडं बघता. फाल्गुन-चैत्रात, वसमतच्या शेतकऱ्याच्या पोराला सांगतोय, उन्हात जाऊ नको.

घरी आल्यावर काही दिवसांनी एका रात्री तो झोपतो. सरळ, पहाटेपर्यंत, हलका घोरत. आणि तुम्ही दोघं टक्क जागे. त्याची माय तीन वेळा उठून त्याच्या नाकापाशी हात धरते. ''आवं, श्वास चाललाय ना हो?'' चाललाय. घोरतोय की. तरी तुम्हीही उठून बघता.

पुढचं सगळं सोपं नाही, आणि ते सोपं करून सांगितलं तर त्या घराशी बेइमानी होईल. त्याचे हात थरथरतात, तोंडातून लाळ येते, चालणं लाकडासारखं होतं. गोळ्या संपल्या की नागपूर, गाडीभाडं, दोन दिवसांची मजुरी बुडते. एका पावसाळ्यात तुम्ही गोळ्या बंद करता, कारण तो बरा दिसतोय. दिवाळीला विहीर पुन्हा बोलायला लागते. मग पुन्हा अकोला, पुन्हा रुंद रूळ. धाकटीचं लग्न एकदा मोडतं, नंतर दुसरीकडं जमतं. तिथं तुम्ही लपवत नाही. सांगून टाकता.

पण पुढच्या फाल्गुनात कढई चढते तेव्हा एक व्यवस्था आपोआप लागलेली असते. दिवसा ऊन वर्ज्य, म्हणून रात्रीची कढई त्याची. तुम्ही लांब बाजेवर पडून बघता. जाळाच्या उजेडात तो गोणपाट उचलतो, वाफेत तोंड घालतो, थांबतो. वासावर आता त्याला कळत नाही. तो काडी शोधतो, थरथरत्या हातानं टोचतो, पुन्हा टोचतो. बराच वेळ जातो.

''दादा, झाली.''

तुम्ही उठून बघता. झालेली असते.

मग तो हात धुऊन जेवायला बसतो. त्याची माय सवयीनं भाकरीचा तुकडा मोडून स्वतःच्या तोंडाकडं नेते. तो म्हणतो, ''राहू दे, माय. तू तुझं वाढून घे.''

आता परत चला. रूळ रुंद करा, तारा ओढा, बाकावरचा मोबाइल उचला. लुगड्याच्या काठाची जागा आजही कित्येक घरांत ओढणीनं, दोरीनं, कुलपानं घेतलेली आहे. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं माणसाला साखळीनं बांधायला मनाई केलीय आणि सरकारी उपचार हा त्याचा हक्क ठरवलाय. ''बाहेरचं'' म्हणून कुणी साखळदंडानं बांधलं किंवा मारहाण केली, तर महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं तो गुन्हा आहे. तुमच्या गल्लीत, वस्तीवर, तांड्यावर असं एखादं घर तुम्हाला माहीत असेल, जिथं पाहुणे आले की कुणीतरी मोठ्यानं खाकरतं. तिथं जा. सल्ला देऊ नका, लग्नाचा तर मुळीच नको. ''रातचा झोपतो का?'' एवढं विचारा. आणि हा नंबर कागदावर लिहून त्यांच्या हातात द्या: 14416. टेली मानस, मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन. ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे, रात्रंदिवस लागतो, पैसे पडत नाहीत, आणि पलीकडचं माणूस मराठीत बोलतं.